माहूरची तीन शिखरं आणि एक ऑफर लेटर

"मराठवाड्यात डोंगर नसतातच!" हे आमच्या विंगमधल्या नाशिककरचं आवडतं वाक्य. फर्स्ट इयरपासून ऐकतोय. साल्हेर आणि कळसूबाई पालथे घातलेला माणूस तो, त्याच्याशी वाद कोण घालणार? त्याच्या लेखी मराठवाडा म्हणजे काळी माती, सोयाबीन, ऊस आणि मे महिन्यातलं मेसमधलं कोमट पाणी. त्यावर किनवटकरचं उत्तरही ठरलेलं, "एकदा माहूरला चल लेका, मग बोल."

माहूर आपल्या नांदेड जिल्ह्यात असूनही आपल्यातल्या बहुतेकांनी ते गाडीतूनच पाहिलेलं असतं. घरच्यांबरोबर जीपमधून जायचं, रेणुकामातेचं दर्शन, दत्तशिखर, अनसूया शिखर, परत येताना सीताफळं घ्यायची, संपलं. तीन डोंगर आणि तीन पार्किंग! मधला डोंगर कुणी बघतच नाही. आमचं ठरलं की तिन्ही शिखरं पायी करायची, एका दिवसात, आणि शेवटची एस.टी. गाठून हॉस्टेलला परत यायचं. तारीख ठरली ९ नोव्हेंबर २०२५, रविवार. मेंबर चार : नाशिककर, किनवटकर, लातूरकर आणि मी.

यातल्या लातूरकरबद्दल आधीच सांगायला हवं. तो सिव्हिलचा, फायनल इयरचा. कॅम्पसमध्ये त्याला पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीची ऑफर आली होती. पगार चांगला, पण दोन वर्षांचा बॉण्ड. आणि उत्तर द्यायची मुदत नेमकी त्याच रविवारी रात्री बारापर्यंत. याला मात्र गेट द्यायची आणि रुरकीला हायड्रोलॉजीत एम.टेक. करायचं वेड. हे वेड कुठून आलं ते पुढे येईलच. शनिवारी रात्री आम्ही म्हटलं, "तू राहू दे, उद्या शांतपणे विचार कर." तर म्हणाला, "इथं बसून डोकं फिरायलंय माझं. येतो मी." आणि मोबाईल बंद करून सॅकच्या तळाशी टाकला.

नांदेड ते माहूर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. गंमत म्हणजे मराठवाड्यातल्या या माहूरला जायला विदर्भातून जावं लागतं! अर्धापूर, हदगाव झालं की उमरखेड, महागाव हा यवतमाळ जिल्हा. मग धनोड्याजवळ पैनगंगा ओलांडली की पुन्हा आपला नांदेड जिल्हा. पुलावरून जाताना किनवटकरनं नाशिककरला खिडकीकडं ढकललं. समोर एकामागे एक हिरवे डोंगर उभे होते. नाशिककर काही बोलला नाही. त्याचं न बोलणं आम्ही आमच्या बाजूनं मोजलं.

माहूर तालुक्याचं ठिकाण असलं तरी गाव लहानच. स्टँडवर चहा घेतला आणि आधी पांडवलेणी पाहिली. नाव पांडवांचं, पण लेणी कोरली ती माणसांनीच, याच डोंगराच्या काळ्या खडकात. लातूरकरनं खांबावर हात ठेवला आणि म्हणाला, "बेसॉल्ट. हाच खडक आमच्या गावाखाली हाय." तेव्हा आम्हाला वाटलं, झालं, याचं लेक्चर सुरू!

रेणुकेचं शिखर पहिलं. साडेतीन शक्तिपीठांपैकी हे एक पूर्ण पीठ. पायऱ्या मोजायचं ठरलं आणि वर पोचल्यावर चौघांचे चार आकडे निघाले. इंजिनिअरिंगची मुलं! देवीचं रूप म्हणजे शेंदराचा भव्य मुखवटा, फक्त मुख. त्यामागची कथा आपल्याकडे घरोघरी सांगतात. परशुराम कावडीत एका बाजूला वडील जमदग्नींचा देह आणि दुसऱ्या बाजूला आई रेणुकेला घेऊन निघाला. माहूरला दत्तात्रेयांनी त्याला थांबवलं. इथंच अंत्यसंस्कार झाले, रेणुका सती गेली. पुढे आईच्या आठवणीनं परशुराम व्याकूळ झाला तेव्हा ती जमिनीतून प्रकट होऊ लागली. पण यानं मागं वळून पाहायची घाई केली, म्हणून मुखच वर आलं. परशुरामानं बाण मारून पाणी काढलं ते मातृतीर्थ. देवीला कुटलेल्या विड्याचा तांबूल देतात, तोच प्रसाद. तो तोंडात टाकून आम्ही किल्ल्याकडं निघालो.

माहूरचा किल्ला रेणुकेच्या डोंगराला लागूनच आहे, पण तिकडं फारसं कुणी वळत नाही. हत्ती दरवाज्यातून आत गेलो तर आम्ही चौघं आणि माकडं. किल्ल्यानं किती धनी पाहिले! गोंड, बहामनी, वऱ्हाडची इमादशाही, मग मोगल. इथल्या देशमुखीण सावित्रीबाई म्हणजेच रायबागन. १६६१ साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडलं तेव्हा त्या मोगलांच्या बाजूनं फौजेत होत्या, आणि शरण जाण्याचा शहाणा सल्ला त्यांनीच खानाला दिला असं सांगतात. ही गोष्ट माहीत असलेला आमच्यात एकटा नाशिककर निघाला. किनवटकरचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

दोन टेकड्यांना मिळून एकच तटबंदी आणि मधल्या घळीत ब्रह्मतीर्थ नावाचा तलाव, अशी या किल्ल्याची रचना आहे. तलाव दिसेल अशा जागी तटावर बसून डबे उघडले. लातूरकरच्या आईनं दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. खाता खाता लातूरकर पाण्याकडं बघत राहिला. मग स्वतःहून बोलायला लागला.

"एप्रिल २०१६. मी सहावीत होतो. मांजरा धरण कोरडं पडलेलं. पाण्याच्या टाक्यांवर भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लावलेली. आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं लातूरला. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. वडील मला खांद्यावर घेऊन गाडी दाखवायला गेले होते. लोक टाळ्या वाजवायलते. नंतर पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, पंचवीस लाख लिटर."

नाशिककर म्हणाला, "पंचवीस लाख म्हणजे भरपूर की!"

लातूरकरनं धपाटा खाली ठेवला. "भागाकार कर ना. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या वर. माणशी साडेसहा लिटर. आंघोळीची अर्धी बादलीबी नाही."

मग त्यानं तलावाकडं हात केला. "आता हे बघ. डोंगराच्या माथ्यावर ना नदी, ना कालवा. पडणारा पाऊस तेवढाच भरवसा. खाली बेसॉल्ट, तो अखंड असला की पाणी धरत नाही. भेगा असतील, झिजलेला थर असेल तेवढ्यातच पाणी मुरणार. म्हणून यांनी काय केलं? दोन टेकड्यांचा उतार जिथं मिळतो ती घळ धरली. आपण काय केलं? बोअर मारत खाली गेलो. आमच्या शेतात तीन हायेत. तिन्ही कोरडे."

कुणीच काही बोललं नाही. मग तोच पुढं म्हणाला, "आणि यंदा उलटं. सप्टेंबरात एवढा पाऊस झाला की सोयाबीन उभं पाण्यात गेलं. वडील फोनवर 'बरं हाय, तू अभ्यास कर' एवढंच म्हणतात. नऊ वर्षांत तहानबी बघितली अन् पूरबी."

तेव्हा कळलं, ऑफर लेटरचा प्रश्न एवढा अवघड का झाला होता. २०१६ नं त्याला सिव्हिलला आणलं होतं आणि २०२५ त्याला सॉफ्टवेअरकडं ढकलत होतं. दोन्हीला कारण पाणीच!

दत्तशिखराची वाट सागाच्या जंगलातून जाते. किनवटकर इथं एकदम गाईड झाला. हा साग, हा मोह, हा टेंभुर्णी, हा पळस, याला मार्चमध्ये बघा. या भागात गोंड, कोलाम, आंध, बंजारा अशी सगळी वस्ती. वाटेत एक मावशी सीताफळांची टोपली घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "पायी कामून निघालाव लेकरांनो? जीप हाय की." चार सीताफळं घेतली तर त्यांनी पाचवं वरून दिलं. नाशिककरनं पाणी मागितलं. मावशींनी कळशीतून पेलाभर दिलं आणि म्हणाल्या, "जपून प्या बाबा, खालून आणावं लागतं." लातूरकरनं आमच्याकडं बघितलं फक्त. आम्ही आमच्या दोन भरलेल्या बाटल्या त्यांच्या कळशीत रिकाम्या केल्या. मावशी हसल्या. "देवाला जाताना पाणी दान करायलाव, पास व्हाल!" (सबमिशनचं काय, ते मात्र विचारायचं राहिलं.)

दत्तशिखर आम्हाला तिन्हींत उंच वाटलं, निदान पायांना तरी. दत्तात्रेय रोज काशीला स्नान, कोल्हापूरला भिक्षा आणि माहूरला निद्रा करतात अशी श्रद्धा आहे. नाशिककर म्हणाला, "म्हणजे माहूर हे देवांचं हॉस्टेलच!" महानुभाव पंथातही माहूरला मोठं स्थान आहे, श्रीचक्रपाणींना श्रीदत्तात्रेयप्रभूंची भेट इथंच झाली असं ते मानतात आणि देवदेवेश्वराला दर्शनाला येतात. गावात सोनापीर बाबांचा दर्गा आहे. आपापल्या वाटेनं येणारे सगळे एकाच डोंगरात येतात, पण जीपमधून हे कळत नाही. पायी चाललं की पुढं-मागं चालणाऱ्या माणसांशी बोलणं होतं आणि मग कळतं.

अनसूया शिखर शेवटचं. इथं गर्दी नव्हती. दूरवर पैनगंगेचा पट्टा ऊन पडून चमकत होता. चौघंही पाय पसरून बसलो आणि शेवटी विषय निघालाच. मी म्हटलं, "तू नाही म्हण. गेट दे. तुझ्यासारखा पाण्याचा विचार करणारा आपल्या बॅचला दुसरा नाही." नाशिककर म्हणाला, "नोकरी घे. घरी पैसे लागतात तेव्हा वेड परवडत नाही." किनवटकर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुम्ही दोघंबी 'हे का ते' विचारायलाव. त्याला विचारा, कधी काय?"

लातूरकरनं काडीनं मातीत आकडे मांडले. घरचं कर्ज. बहिणीची बारावी. दोन वर्षांचा पगार. बॉण्ड मोडला तर भरायची रक्कम. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, हेही त्यानं लिहिलं. डोंगरानं काही साक्षात्कार वगैरे दिला नाही. दिवसभर फोन बंद होता आणि तिघं जण ऐकून घेत होते, म्हणून प्रश्न नीट मांडता आला इतकंच. व्हायवाला आपण हेच करत नाही. प्रश्न पुरा ऐकायच्या आधी उत्तर देतो!

उतरताना संध्याकाळ झाली. गुडघ्यांनी पुढच्या दोन दिवसांची रजा तिथंच मागितली. शेवटची एस.टी. पाच मिनिटांच्या फरकानं मिळाली. पैनगंगेचा पूल ओलांडल्यावर लातूरकरनं सॅकमधून मोबाईल काढला, चालू केला आणि ऑफर स्वीकारल्याचं बटण दाबलं. मग वडिलांना फोन लावला. "बाबा, नोकरी घेतली म्या." पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. पण तो बराच वेळ फोन कानाला लावून नुसता "हाव... हाव..." म्हणत होता.

मला वाईट वाटलं, खरं सांगतो. मला अजूनही वाटतं की त्यानं पाण्यातच राहावं. पण त्यानं पाणी सोडलेलं नाही. फेब्रुवारीत गेटला तो बसतोच आहे. आणि फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय बदलायचं त्यानं बसमध्येच ठरवलं : आपल्या गावाच्या शिवारातला उतार कुठं मिळतो आणि पाणी कुठं अडवता येईल, त्याचा नकाशा. गाईड सरांनी 'हो' म्हटलंय. डिसेंबरात आम्ही तिघं सर्व्हेला त्याच्या गावी जाणार आहोत. मी मेकॅनिकलचा, पण स्टाफ धरायला ब्रँच लागत नाही.

तेव्हा ज्युनिअर मित्रांनो, माहूरला जा, पण एकदा तरी पायी जा. पहाटेची पहिली एस.टी. पकडा. नवरात्र आणि दत्तजयंतीची गर्दी टाळा. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम. माणशी तीन लिटर पाणी घ्या आणि त्यातलं थोडं वाटेतल्या मावशींसाठी ठेवा. रेक्टर सरांची लेखी परवानगी घ्या, ते नाही म्हणत नाहीत. आणि बॅचमध्ये कुणाच्या डोक्यात काही घोळत असेल, तर त्याला आग्रह करून बरोबर न्या. उपदेश करू नका. त्याच्याबरोबर फक्त चाला.