हयमारक

लग्नसराईच्या दिवसांत जयपूरच्या गोपालपुरा भागात संध्याकाळी वराती निघतात. नवरदेवाने घोडीवरून यावे, ही तिकडची रीत. वरात पोहोचण्यास उशीर होतो. कार्यालयाबाहेर सजवलेली घोडी बराच वेळ ताटकळत उभी राहते. पोटात भूक असते. मान आपोआप कुंपणाकडे वळते आणि ते कुंपण पुष्कळदा कण्हेरीचे असते.

कण्हेर लावणाऱ्याला दोष देता येत नाही. राजस्थानच्या कोरड्या हवेत, थोड्याशा पाण्यावर असे फुलणारे झाड सहजी मिळत नाही. शिवाय गुरे तिला तोंड लावत नाहीत. म्हणूनच महामार्गांच्या दुभाजकांवरही तीच दिसते. गुरे तोंड का लावत नाहीत, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

करवीर म्हटले की मराठी माणसाला कोल्हापूर आठवते. संस्कृतात हेच कण्हेरीचेही नाव आहे. अमरकोशात तिला आणखी एक नाव दिले आहे : हयमारक, म्हणजे घोड्याला मारणारी. इतका स्पष्ट इशारा देणारे नाव रोपवाटिकेच्या पाटीवर कधी दिसत नाही.

कण्हेरीच्या सर्व भागांत विष असते आणि ते हृदयाची गती बिघडवते. अवघी २०-२५ ग्रॅम सुकी पाने मोठ्या घोड्याचा प्राण घेऊ शकतात. घोड्याला ओकता येत नाही. त्यामुळे पोटात गेलेले विष उलटून पडत नाही. त्याला घाम फुटतो, पोट दुखू लागते. मोतद्दाराला वाटते, नेहमीचा पोटशूळ आहे. तो जुन्या सवयीने घोड्याला चालवतो. या विषात तेच घातक ठरते, कारण दुबळ्या झालेल्या हृदयावर श्रमाचा ताण पडतो. अशा वेळी जनावर शांत उभे ठेवून पशुवैद्याला तातडीने बोलवावे आणि कण्हेर खाल्ल्याची शंका त्याला सांगावी. पिवळ्या फुलांची बिट्टीही याच जातीचे विष बाळगते.

हिरवे पान कडू असल्यामुळे घोडा ते बहुधा टाळतो. पान सुकले की कडवटपणा कमी होतो, विष मात्र तसेच राहते. लग्नाच्या आधी बाग नीटनेटकी दिसावी म्हणून माळी कुंपण छाटतो. छाटलेल्या फांद्या गवताबरोबर झाडून फाटकापाशी ढीग करतो आणि दोन दिवसांनी, वरात आली की, घोडी नेमकी तिथेच उभी केली जाते.