कॅन्सर आहे, ऑपरेशन नाही

सात वर्षांपूर्वी रमजान ईद झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात माझ्या बायोप्सीचा अहवाल आला. रात्री लघवीसाठी तीन-चार वेळा उठावे लागायचे, म्हणून डॉक्टरांनी रक्ताची पीएसए चाचणी करायला सांगितली होती. आकडा 6.8 आला. मग एमआरआय, मग बायोप्सी. प्रोस्टेट ग्रंथीतून सुईने 12 तुकडे काढले, त्यातल्या 2 तुकड्यांत कॅन्सर निघाला. कागदावर लिहिले होते, 'ग्लिसन 3+3=6'.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मास्तर, हा कमी धोक्याचा कॅन्सर आहे. आत्ता ऑपरेशन नको, शेक नको. दर सहा महिन्यांनी रक्त तपासू, वर्षभराने पुन्हा बायोप्सी करू. वाढायला लागला तर वेळेत पकडू." याला ते अ‍ॅक्टिव्ह सर्व्हेलन्स म्हणाले. मी मान हलवली, पण दवाखान्याबाहेर आलो तेव्हा 'कॅन्सर' एवढा एकच शब्द डोक्यात उरला होता.

घरी सांगितले तेव्हा बेगम म्हणाली, "कॅन्सर आहे म्हणतात आणि औषध देत नाहीत, हे कसले डॉक्टर?" दुबईहून मुलाचा फोन आला, "अब्बा, दहापैकी सहा म्हणजे अर्ध्याच्या वर गेलंय. काढून टाका. पैसे मी पाठवतो." त्याच सुमारास धाकट्या मुलीचे नाते ठरत होते. बेगमने बजावले, "निकाह होईपर्यंत बाहेर कुणाला कळता कामा नये." मलाही तेच हवे होते. एक तर कॅन्सर, त्यात असल्या जागेचा. पुरुषाने हे कुणाला आणि कोणत्या तोंडाने सांगायचे?

31 वर्षे मी वर्गात बोललो, पण त्या सहा महिन्यांत माझ्या आजाराबद्दल एक वाक्य बोलायला मला माणूस नव्हता. कंबर दुखली तरी वाटे, हाडात पसरला. नमाजमध्ये किती रकात झाल्या ते विसरायचो. एका नातेवाइकाने पुड्या आणून दिल्या, त्या दोन महिने लपून घेतल्या. त्यात काय होते, आजही ठाऊक नाही.

सहा महिन्यांनी रक्त द्यायला गेलो. लॅबच्या बाकावर आमच्याच मोहल्ल्यातले कंडक्टरचाचा बसले होते. एसटीतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली होती. मी हातातला कागद उलटा केला. ते हसले. "मास्तर, पीएसए ना? लपवू नका. माझी ही अकरावी चाचणी."

मला काही सुचेना. माझ्याच सफेत उभा राहणारा हा माणूस पाच वर्षांहून अधिक काळ तेच ओझे घेऊन फिरत होता आणि मला पत्ता नव्हता.

त्या रात्री इशानंतर आम्ही मशिदीबाहेरच्या ओट्यावर बसलो. मी मुलाचे 'दहापैकी सहा' सांगितले. चाचा म्हणाले, "मलाही तसंच वाटलं होतं. पण बायोप्सीत कॅन्सर म्हणून जे लिहितात, ते सहापासूनच सुरू होतं. सहा म्हणजे पायरीची पहिली फरशी." पुढच्या भेटीत मी हे डॉक्टरांना विचारले. त्यांनी दुजोरा दिला. तिकीट फाडण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने माझी सहा महिन्यांची झोप एका वाक्यात परत आणून दिली होती.

हळूहळू ओट्यावर तिसरा माणूस आला. पेशाने शिंपी. त्यांचा कॅन्सर वरच्या दर्जाचा होता, म्हणून ऑपरेशन करावेच लागले होते. त्यांनी जे सांगितले, ते मला कुठल्या पत्रकात मिळाले नसते. ऑपरेशननंतर कित्येक महिने लघवीचे थेंब गळत. कपडे पाक राहत नाहीत म्हणून त्यांनी मशिदीत येणेच सोडले होते. शेवटी इमामसाहेबांना भीत भीत विचारले. त्यांनी समजावले की अशा माणसाला शरीअतने माजूर मानले आहे; त्याने स्वच्छता करून, पॅड बांधून, प्रत्येक नमाजची वेळ झाल्यावर नवा वुजू करावा आणि नमाज पढावी. "एवढं विचारायला मी चार महिने घालवले," शिंपीभाई म्हणाले. पती-पत्नीच्या नात्यावर काय परिणाम होतो, तेही ते आडपडदा न ठेवता बोलले. डॉक्टर मला का थांबवत होते, ते तेव्हा उमगले. गरज असेल तर ही किंमत मोजायचीच, पण गरज नसताना कशाला?

खरी परीक्षा पुढे होती. सातव्या वर्षी कंडक्टरचाचांच्या बायोप्सीत बदल दिसला. 3+3 चे 3+4 झाले. त्यांना मुंबईला शेक घ्यायला जावे लागले. माझे पाय गळाले. मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन म्हणालो, "माझं ऑपरेशन करून टाका." डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस विचार करा, मग या."

मुंबईला निघण्याआधी चाचाच माझ्या घरी आले. म्हणाले, "मास्तर, चौकीदाराने शिट्टी मारली म्हणून चौकीदार वाईट ठरतो का? शिट्टी मारायलाच तर ठेवला होता. मला सात वर्षं शरीर धड मिळालं. त्यात दोन नातवंडं खेळवली, हज केला. आता इलाजाची वेळ आली, तर इलाज करू." मी ऑपरेशनचा विचार सोडला. चाचा शेक घेऊन परत आले. आजही ते सफेत उभे असतात, अल्हम्दुलिल्लाह.

पुढे डॉक्टरांनी मला ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट नावाच्या अभ्यासाबद्दल सांगितले. 1,643 पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत विभागले होते. एकात फक्त निगराणी, दुसऱ्यात ऑपरेशन, तिसऱ्यात शेक. 2023 मध्ये 15 वर्षांचे निष्कर्ष छापून आले. प्रोस्टेट कॅन्सरने दगावलेले तिन्ही गटांत मिळून शंभरात तीनच्या आसपास होते, आणि गटागटांत फारसा फरक नव्हता. दुसरी बाजूही त्यांनी लपवली नाही. निगराणीच्या गटात कॅन्सर शरीरात पसरण्याचे प्रमाण इतर दोन गटांच्या जवळपास दुप्पट होते, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक पुरुषांना पुढे कधीतरी उपचार घ्यावे लागले. म्हणून निगराणी म्हणजे दुर्लक्ष नव्हे. तारीख चुकवणाऱ्यासाठी हा मार्ग नाही.

तवक्कुलचा अर्थही मला ओट्यावरच नीट कळला. आधी उंट बांधायचा, मग अल्लाहवर भरोसा ठेवायचा, ही शिकवण लहानपणापासून ऐकली होती. आमचा उंट म्हणजे सहा महिन्यांची ती तारीख. ती पाळली की उरलेले दिवस भीतीत घालवायचे नाहीत.

आता आम्ही पाच जण आहोत. त्यात माझे जुने शाळासोबती देशपांडे सरही आहेत. इशा झाली की ते ओट्यावर हजर. नियम थोडेच आहेत. कुणी कुणाला औषध सांगायचे नाही. 'काढून टाका' किंवा 'काढू नका' असे म्हणायचे नाही. ते डॉक्टर आणि घरच्यांनी ठरवायचे. अहवाल आणायला एकट्याने जायचे नाही. आणि अनुभवाच्या गोष्टी एकमेकांना सांगायच्या. जसे, चाचणीआधी दोन दिवस सायकल आणि पती-पत्नीसंबंध टाळावेत, नाहीतर आकडा वाढू शकतो. प्रोस्टेटसाठी फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइडची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगावे. त्या गोळ्यांनी आकडा साधारण निम्मा दिसतो. माझाच आकडा एकदा 8.1 झाला होता. लघवीतला जंतुसंसर्ग निघाला, तो बरा झाल्यावर 6.9 वर आला. ते सहा आठवडे ओटा नसता तर कसे गेले असते, अल्लाह जाणे.

मुलीचा निकाह झाला. मी स्वतः जावयाला सगळे सांगितले. तो म्हणाला, "अब्बा, हे आधी सांगितलं असतं तरी मी आलोच असतो." बेगम आता कंडक्टरचाचांच्या घरातून भाभींना फोन करते. त्या दोघींचे काय बोलणे चालते ते आम्हाला कळत नाही, पण पुड्यांचा विषय आमच्या घरातून कायमचा गेला.

हे लिहिण्याचे कारण असे. हा अंक ज्या घरांत जातो, तिथे कुणी ना कुणी असा कागद उलटा धरून बसला असेल. भाई, तो कागद सरळ करा. आधी डॉक्टरांना नीट विचारा, घरच्यांना सांगा, आणि ज्याने हा रस्ता चालून पाहिला आहे असा एक तरी माणूस शोधा.

माझी चौदावी चाचणी पुढच्या महिन्यात आहे. परवा जुमाच्या नमाजनंतर एक जण घुटमळत जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, जरा बोलायचं होतं." मी त्याला इशानंतर ओट्यावर बोलावले आहे.