बियाणं दोन घरी

आमच्या वाळवा तालुक्यातल्या घरात शाळूचं बियाणं कधी एका जागी ठेवलं नाही. चांगली कणसं निवडायची, मळायची, दाण्याला राख चोळायची, आणि अर्धं आपल्या कणगीत, अर्धं चुलत्याच्या घरी. एका घराला उंदीर लागले तर दुसरं घर आहे. घाटकोपरला येऊन मला वीस वर्षं झाली. भटवाडीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत कणगी कुठली असायला? आमच्याकडं राखायचं जे होतं ते सगळं एका जुन्या, सेकंडहँड लॅपटॉपमध्ये होतं.

२०११ च्या दिवाळीनंतर त्या लॅपटॉपच्या पोटातनं टक्‌ टक्‌ असा आवाज यायला लागला. एकेक फाईल उघडायला पाच-पाच मिनिटं. स्टेशनाजवळच्या दुरुस्तीवाल्या पोरानं कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "काका, हार्डडिस्क जायला लागलीय. नवी नंतर घ्या, आधी यातलं सगळं काढून घ्या. आणि सारखं चालू-बंद करू नका."

त्याच रात्री शेजारच्यांच्या कॉम्प्युटरवर सगळं उतरवलं. पोरीचे कॉलेजचे प्रोजेक्ट, सातबाऱ्याचे स्कॅन, लग्नाचे फोटो. आणि थोरल्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या. २००८ च्या उन्हाळ्यात गावच्या सोप्यात बसून मोबाईलवर घेतलेल्या, तीन तासांच्या. त्यात जातं घरघरतंय, मधेच कोंबडा आरवतोय, आत्या अडली की आई पुढची ओळ देतेय. आत्या २०१० ला गेली. सातबारा तलाठ्याकडं परत मिळतो, प्रोजेक्ट परत करता येतो. आत्याचा आवाज परत कुठनं आणणार?

नव्या डिस्कसाठी हातात साडेतीन हजार होते. बायकोनं मोजून दिले, वर बजावलं, "अहो, यात काय बसतंय ते बघा. पुढच्या महिन्यात फी आहे." रविवार सोडून सुट्टी टाकली, दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला उतरलो. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं, तरी सगळी मुंबई त्याला लॅमिंग्टन रोडच म्हणते. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा हा बाजार म्हणजे आमच्या तालुक्याचा आठवडी बाजारच. दहा दुकानं फिरल्याशिवाय भाव कळत नाही.

पण त्या दिवशी दहाही दुकानांत भाव चढलेलाच. ओळखीचे लोक दिवाळीआधीचा जो भाव सांगत होते, त्याच्या जवळजवळ दुप्पट. एक दुकानदार म्हणाला, "थायलंड में बाढ आयी है, भाऊ." थापच वाटावी अशी गोष्ट, पण खरी होती. हार्डडिस्क बनवणारे आणि त्यातल्या मोटारी बनवणारे मोठमोठे कारखाने बँकॉकच्या उत्तरेला आहेत. ऑक्टोबरात चाओ फ्राया नदीचं पाणी तिथल्या औद्योगिक वसाहतींत शिरलं. वेस्टर्न डिजिटलचा कारखानासुद्धा पाण्यात गेला. जगभर माल तुटला.

मी कृष्णाकाठचा माणूस, मला पूर समजावून सांगावा लागत नाही. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं आहेत. जमिनीत खणलेली, तोंडाला अरुंद, आत ऐसपैस. त्या मातीत हळद वर्षानुवर्षं टिकायची, व्यापारी निर्धास्त असायचे. २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवांत पाणी गेलं आणि साठवलेली हळद नासली. पेव कितीही चांगलं असलं तरी नदीला ते ठाऊक नसतं.

आता निवड. लॅपटॉपला अडीच इंची डिस्क लागते, जाडी साडेनऊ मिलिमीटर. जोडणी जुनी आयडीई आहे का साटा, ते मी घरनं चिठ्ठीवर लिहूनच नेलं होतं: साटा. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क जलद, पण महाग आणि बॅटरी जास्त खाणारी. ५४०० वाली आमच्या कामाला पुष्कळ. न फिरणारी एसएसडी काचेच्या कपाटात होती, तिचा भाव ऐकून कपाटालाच नमस्कार केला.

प्रश्न राहिला आकाराचा. दुकानदार ५०० जीबीवर अडून बसला होता, ती साडेचार हजारांच्या पुढं. ३२० जीबीची दोन हजार नऊशेला. ही ३२० ची डिस्क कॉम्प्युटरला लावली की २९८ च दिसते, तेही त्यानं सांगितलं. बनवणारा हजाराच्या पटीनं मोजतो, कॉम्प्युटर १०२४ च्या. म्हणजे एकाची पायली शिगेची आणि दुसऱ्याची सपाट, धान्य तेवढंच. माझं घरचं सगळं धान्य मोजलं तर साठ जीबीसुद्धा भरत नव्हतं.

तरी मन ५०० कडं ओढत होतं. उसने घ्यावेत का? दुकानाच्या पायरीवरनं गावाला फोन लावला. आईला जीबी काय कळणार, पण तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आरं, त्ये डबडं ल्हान का मोठं, मला काय करायचंय? वन्संचा आवाज एकाच जागी ठिवू नगंस. बी कधी एका कणगीत ठिवलंय का आपण?"

३२० ची घेतली. पाकिटाचं सील, लेबलावरची तारीख बघितली, पक्कं बिल आणि वॉरंटीचा कागद मागून घेतला. उरलेल्या सहाशेत आठ-आठ जीबीचे दोन पेनड्राईव्ह आले. ओव्यांना दोन जीबीसुद्धा लागत नाहीत. एक पेनड्राईव्ह मुलुंडला धाकट्या भावाकडं दिला, दुसरा गावी.

गावचा आईनं पानाच्या रिकाम्या डब्यात, फडक्यात गुंडाळून ठेवलाय. पेनड्राईव्ह वर्षानुवर्षं नुसता पडून राहिला तर त्यातलं हळूहळू पुसत जातं, म्हणून दर दिवाळीला मी तो लॅपटॉपला लावतो, सगळ्या ओव्या उघडून बघतो आणि नव्यानं उतरवून ठेवतो. तेवढा वेळ आई शेजारी बसून असते. म्हणते, "बियाला ऊन दावायलाच लागतंय." आत्या अजून त्याच ओळीवर अडते, आणि आई अजून पुढची ओळ देते.