रक्षकांवरील अंकुश

शरीराची प्रतिकारव्यवस्था शरीरावरच उलटली आहे, असे रुग्णास सांगितले म्हणजे बहुधा पहिला प्रश्न येतो तो असा : “डॉक्टर, म्हंजे माजी ताकद कमी झाली?” या एका समजुतीपायी मालवणच्या बंदरात मासळी विकणाऱ्या, आचऱ्याकडे विळीवर नारळ खवणाऱ्या कितीतरी स्त्रिया, सकाळी तासतासभर मूठ वळत नसताही, शक्तिवर्धक काढे घेत बहुमोल महिने दवडतात. हा विकार म्हणजे आमवात, आणि तो विरळाही नव्हे. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघर जाऊन जी पाहणी केली, तीत दर दोनशे प्रौढांमागे सुमारे एकास तो आढळला. स्त्रियांत त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असते.

विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख यांनी पाहिले की, शेळीला परक्या शेळीच्या रक्तपेशी टोचल्या असता त्यांचा नाश करणारी द्रव्ये तिच्या रक्तात उत्पन्न होतात, स्वतःच्याच पेशी टोचल्या असता होत नाहीत. आणि देह आपला घात करीत नाही हा सिद्धांत पुढे दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. १९५६ साली रोझ व विटेब्स्की यांनी सशांच्या शरीरात त्यांच्याच कंठग्रंथीविरुद्ध प्रतिकार जागविला, तेव्हा तो ढळला.

मला या शास्त्रात सर्वांत विस्मयकारक वाटते ते हे की, स्वदेहावर उठू शकणाऱ्या पेशी प्रत्येक निरोगी माणसातही असतात. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथी त्यांतील बहुतेकांचा निकाल लावते, काही निसटतातच. शिवाजी महाराजांनी गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे तीन समान दर्जाचे अंमलदार नेमून एकाचा दुसऱ्यावर दाब ठेवला, तद्वत देहातही सैनिकपेशींना आवरणाऱ्या पेशींचा स्वतंत्र वर्ग आहे. शिमोन साकागुची यांनी तो १९९५ मध्ये दाखविला, आणि मेरी ब्रंकाव व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह त्यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निरोगीपण म्हणजे निव्वळ बळ नव्हे, तर हा दाब अबाधित असणे होय. तो सुटला की सांध्यांचे अस्तर सुजते, आणि उपचाराविना पहिल्या दोन वर्षांतच हाड झिजू लागते.

म्हणून येथे प्रतिकार वाढविणे निष्फळ. त्यास आवर घालणे, तेही त्वरित, हाच उपाय. काही जण बिननावाच्या पुड्या आणतात. त्यांत स्टेरॉइड असले तर चार दिवसांत सूज ओसरते, म्हणून विश्वास बसतो, आणि आत हाडे पोकळ होत राहतात. हे पाहून मन विषण्ण होते. प्रतिकारास आवरणारे मेथोट्रेक्झेट हे औषध स्वस्त आहे आणि गुणकारीही, परंतु ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे; रोज घेतल्यास रक्त निर्माण करणारी मज्जा खचून प्राणावर बेतते. यास्तव औषधासमोर मी वार अक्षरी लिहितो, बहुधा रुग्णाच्या गावच्या आठवडा बाजाराचा, आणि सोबत आलेल्या सुनेकडून किंवा मुलाकडून तो म्हणवून घेतो.