इमॅजिकाची सहल: जेवण, नमाज आणि राइडचं वेळापत्रक

माझा धाकटा भाऊ कुवेतला असतो. दोन वर्षांनी एकदा पंचेचाळीस दिवसांची सुट्टी मिळते. त्यातले तीस दिवस दावती, लग्नं, बँक, आधारकार्ड आणि घराच्या कौलांत जातात. डिसेंबरात तो आला तेव्हा त्याचा मुलगा नऊ वर्षांचा होता. बापलेक एकाच ताटात जेवत, पण मुलाला पाणी हवं असेल तर तो आईला सांगे, ‘अब्बूंना म्हण जग इकडे द्यायला.’ हे आम्ही सगळे बघत होतो. बोलत कुणीच नव्हतं.

मग एक दिवस भाऊच म्हणाला, ‘आपा, मी फोनवर त्याला इमॅजिकाचा वादा केलाय. तू टीचर आहेस, तूच सगळं ठरव.’

आम्ही माणगावचे. इमॅजिका आमच्या रायगड जिल्ह्यातच, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला. 2013 साली सुरू झालं. माझ्या शाळेतल्या मुलांना त्यातल्या राइडची नावं पाढ्यांपेक्षा जास्त पाठ आहेत, पण आमच्या घरातून अजून कुणी गेलं नव्हतं. आम्ही नऊ जण: अम्मी, भाऊ, भाबी, त्यांचा मुलगा आणि तीन वर्षांची मुलगी, मी, माझे मिस्टर आणि आमच्या दोघी मुली. अम्मीचं वय अडुसष्ट, साखर पंधरा वर्षांपासून. जेवणाची वेळ चुकली की हात कापायला लागतात.

मी वहीचं मधलं पान काढलं आणि तक्ता आखायला बसले.

आधी दिवस ठरवला. शुक्रवार जुम्म्यामुळे बाद. शनिवार-रविवार आणि नाताळच्या आसपासचे दिवस गर्दीमुळे बाद. भावाचं विमान सोमवारचं, म्हणून त्याआधीचा गुरुवार धरला आणि मी किरकोळ रजा टाकली. तिकिटं ऑनलाइन काढली. दरवाजे उघडण्या-बंद होण्याची वेळ हंगामाप्रमाणे बदलते, ती आदल्या रात्री पुन्हा पाहून घेतली.

तक्त्यातल्या पहिल्या रेघा मात्र नमाजच्या होत्या. डिसेंबरात आपल्याकडे जोहर साडेबारानंतर लागते. आम्ही कोकणी लोक शाफई, त्यामुळे आमची असर पावणेचारच्या सुमारास, आणि मगरीब सहा-सव्वासहाला. प्रवासात जोहर-असर जमा करायची सवलत शाफई मसलकात आहे, पण मौलवी साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, तुमचं जाण्याचं अंतर त्या हद्दीत बसत नाही, वेळेवर पढा. पहिल्यांदा मला ही अडचण वाटली. तक्ता भरायला घेतल्यावर उलटंच दिसलं. दिवसाचे चार भाग आयते पडले होते. प्रत्येक भागात किती राइड, कधी बसायचं, कधी खायचं, हे आपोआप ठरत गेलं. नाहीतर अशा ठिकाणी माणूस सकाळपासून धावतो आणि दुपारी तीनला सगळी मुलं एकदम रडायला लागतात.

मग जेवण. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, हे अम्मीला पटवायला दोन दिवस लागले. तिच्या मते घरातून डबा न घेता निघणं म्हणजे पाहुण्यांकडे हात हलवत जाण्यासारखं. शेवटी तडजोड झाली. सकाळचा नाश्ता घरचा, वाटेत. दुपारचं जेवण आत. रात्रीचं नागोठण्याला मावशीच्या घरी, कारण परतीच्या वाटेत वाकण फाट्यावरून नागोठणं थोडंच आत आहे. मटणाचा डबा दिवसभर बंद गाडीत ठेवायचा नाही, असं मी बजावून सांगितलं. गाडीत फक्त रताळी, नानकटाई आणि पाण्याचा कॅन.

आतल्या जेवणाचा प्रश्न आपल्या घरांत नेहमीचा. मांस हलाल आहे का, हे काउंटरवर सरळ आणि नम्रपणे विचारावं. खात्रीचं उत्तर मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर वाद न घालता डाळ, भात, भाजी, रोटी घ्यावी. आम्ही आधीच शाकाहारी ठरवलं होतं. एका दुपारी पनीर खाल्ल्याने कुणाचं काही अडत नाही. वेळ मात्र मी मुद्दाम पावणेबाराची धरली. एक वाजता सगळेच जेवायला येतात आणि ताट मिळेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो. आधी जेवलं की अम्मीची गोळी वेळेवर होते, जोहर निवांत पढता येते, आणि बाकीचे जेवायला बसलेले असतात तेव्हा राइडच्या रांगा जरा आखूड होतात.

राइडसाठी मी तीन रकाने केले: सगळ्यांनी मिळून, फक्त मोठ्यांनी, आणि अम्मी व छोटीसाठी. जवळजवळ प्रत्येक राइडला उंचीची अट असते, म्हणून सगळ्या मुलांना आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलने रेघा मारल्या. भाच्याची रेघ नायट्रोच्या अटीपेक्षा बरीच खाली राहिली. नायट्रो म्हणजे तिथला सगळ्यात मोठा रोलर कोस्टर. चाळीस मीटर उंच, ताशी एकशे पाच किलोमीटर वेग, पाच वेळा माणूस उलटा होतो आणि पायाखाली फळीसुद्धा नसते. मी तक्त्यात त्याच्या नावापुढे लिहिलं, ‘नायट्रो: नाही.’ तक्ता भाबीला दाखवला आणि माझं काम झालं असं समजले.

गुरुवारी फजर पढून निघालो. भाड्याची तवेरा. इंदापूर, कोलाड, मग सुकेळी खिंड. खिंडीत धुकं इतकं की ड्रायव्हरने काच खाली करून गाडी हाकली. वाकण फाट्यावरून आत वळलं की रस्ता एकदम शांत होतो. पालीला डोक्यावर सरसगडाचा कातळ दिसतो आणि बल्लाळेश्वराच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांची सकाळपासूनच वर्दळ असते. पालीच्या पुढे रस्त्याकडेला थांबून आम्ही घावणे आणि अंडी खाल्ली. सतरंजीवर बसून भावाने चौथं घावण घेतलं आणि म्हणाला, ‘तिकडे यातलं काही मिळत नाही.’ भाचा अब्बूकडे बघत होता, पण बसला होता आईला खेटूनच.

दारावर पिशव्या तपासल्या. अम्मीच्या गोळ्यांच्या डबीबरोबर खजूर होते. साखर एकदम उतरली तर लागतात, असं सांगितल्यावर तपासणाऱ्या बाईंनी हसून डबी परत दिली.

आत शिरताच भावाने मुलाचा हात धरला आणि दोघं जवळजवळ पळतच नायट्रोकडे गेले. मी मागून हाक मारली, ती गाण्यांच्या आवाजात विरली. आम्ही पोचलो तेव्हा मुलगा उंची मोजायच्या पट्टीखाली उभा होता, टाचा उचलून. तिथला तरुण कर्मचारी खाली वाकून त्याला समजावत होता, ‘बाळा, तुझ्याच सेफ्टीसाठी आहे.’ भाऊ त्याच्याशी हुज्जत घालायला लागला. मग गप्प झाला. मुलगा रडला नाही. सरळ आईकडे आला आणि तिच्या ओढणीत तोंड लपवून म्हणाला, ‘अब्बू बोलले होते.’

भाबी माझ्याकडे बघत होती. तिच्याने सांगवलं नव्हतं आणि मी तिच्यावर सोपवून मोकळी झाले होते. वीस वर्षं शिकवतेय. फळ्यावर लिहिलं म्हणजे मुलाला सांगितलं असं होत नाही, हे मला कळायला हवं होतं. चूक माझी होती. मी तिथेच त्याच्यासमोर बसले आणि म्हणाले, ‘फुप्पीला आधीपासून माहीत होतं. तुला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.’ त्याने मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

पावणेबाराचं जेवण तक्त्याप्रमाणे झालं. चव कुणालाच लागली नाही.

जोहरसाठी आम्ही एका सुरक्षारक्षक बाईंना विचारलं, कुणाच्या येण्याजाण्यात येणार नाही अशी जागा कुठे आहे का. त्यांनी एका इमारतीच्या मागची सावली दाखवली आणि म्हणाल्या, ‘इथं करा निवांत, आजीला खुर्ची आणून देऊ का?’ अम्मी खुर्चीवर बसूनच पढते, तिला ती खुर्ची फार मोलाची वाटली. अजूनही तिच्या दुआत त्या बाई असतात. वाटेत जानमाज पसरण्यापेक्षा आधी विचारलेलं बरं. विचारल्यावर नाही म्हणणारे लोक आपल्याला वाटतात तितके नसतात.

मग ‘आय फॉर इंडिया’. हे अम्मीसाठी राखलं होतं. खुर्चीत बसायचं, पाय अधांतरी होतात आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर आपण हिंदुस्थानावरून उडत जातो. डोंगर, नद्या, वाळवंट. माणगावच्या पलीकडे मुंबईपर्यंतच गेलेल्या अम्मीने पूर्ण वेळ माझं मनगट धरून ठेवलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘सुभानअल्लाह. तुझे अब्बा असायला हवे होते.’

दोन वाजता राजासॉरसची रांग. ही पाण्यातली राइड, होडीतून जायचं आणि शेवटी धाडकन खाली. बोर्डवर लिहिलं होतं, पन्नास मिनिटं. भाऊ म्हणाला, ‘आपा, सगळ्यांना एक्सप्रेसचं तिकीट घेऊन टाकू. वेळच किती आहे माझ्याकडे?’ एक्सप्रेसवाल्यांची रांग वेगळी आणि छोटी, पण साध्या तिकिटापेक्षा ते बरंच महाग. नऊ जणांचा हिशेब अम्मीला ऐकू गेला. ‘इस्राफ आहे हा,’ ती म्हणाली. ‘उभं राहायला काय झालं? मी बसते छोटीला घेऊन.’ भाऊ नाराज झाला, पण अम्मीपुढे बोलला नाही.

तर तो आणि त्याचा मुलगा रांगेत उभे राहिले. त्यांच्या मागे माझ्या दोन मुली, त्यांच्या मागे मी. पहिली दहा मिनिटं दोघं वेगवेगळ्या दिशांना बघत होते. मग रांग एका वळणावर थांबली आणि काहीतरी बोलायचं म्हणून भावाने विचारलं, ‘हा राजासॉरस खरा होता की यांनी बनवलाय?’ मुलगा लगेच म्हणाला, ‘खरा होता. फुप्पीने सांगितलं. नर्मदेजवळ सापडला, गुजरातमध्ये, रहिओलीला. त्याच्या डोक्यावर शिंगासारखं होतं. 2003 मध्ये त्याला नाव दिलं.’ भावाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो विचारत गेला आणि मुलगा सांगत गेला. मग मुलाने विचारलं, ‘कुवेतला डायनासोर होते का?’ भाऊ म्हणाला, माहीत नाही, उंट आहेत. मग खोलीत किती जण राहतात, वरच्या पलंगावर कसं चढतात, उन्हाळ्यात नळाचं पाणी किती तापतं, जेवण कोण बनवतं. ‘तुम्ही बनवता?’ मुलाला हसू आवरेना. ‘दादीला माहीत आहे?’

मी ऐकत होते आणि मनात एकच आलं. हीच पन्नास मिनिटं वाचवायला आम्ही पैसे देणार होतो.

होडी खाली आदळली तेव्हा दोघं नखशिखांत भिजले. उतरताना मुलाने अब्बूच्या ओल्या शर्टाचं टोक मुठीत धरलं होतं आणि सोडलं नाही. माझा तक्ताही पर्समध्ये भिजून लगदा झाला होता. बाकीचा दिवस त्याच्याशिवायच काढला. अलिबाबाच्या गुहेत बंदुकीने नेम धरण्यात भाचा जिंकला, ‘मिस्टर इंडिया’त अम्मीही बसायला निघाली, तिला आम्ही थांबवलं. असर, मग चहा, मग मगरीब.

भगिनींसाठी दोन गोष्टी सांगते. स्कार्फला टाचण्या नकोत, टोकं आत खोचून गाठ मारावी, आणि लांब ओढणी राइडवर न्यायचीच नाही. पाण्याच्या राइडसाठी कपड्यांचा एक जोड जवळ असू द्यावा आणि ती राइड दोन नमाजांच्या मध्ये धरावी, म्हणजे बदलून वुजू करायला वेळ मिळतो. मुलांची उंची घरीच मोजावी. आणि कुठे बसता येणार नाही, ते मुलांच्या तोंडावर, निघायच्या आधीच सांगावं.

नागोठण्याला मावशीकडे तांदळाच्या भाकरी आणि कोंबडीचा रस्सा तयार होता. भाचा जेवता जेवता पेंगला. त्याला उचलून गाडीत भावाने नेलं.

रविवारी संध्याकाळी भाऊ आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीशी आला. मुलाच्या रेघेच्या वर, नायट्रोच्या उंचीवर, त्याने टेपने मोजून दुसरी रेघ मारली आणि बाजूला पुढच्या सुट्टीचं साल लिहिलं. सोमवारी तो गेला.

आता महिन्याच्या पहिल्या रविवारी भाचा येऊन चौकटीला पाठ लावतो. टाचा टेकवूनच, हे तो स्वतःच मला सांगतो. मी रेघ मारते आणि तो तिचा फोटो अब्बूंना पाठवतो. मग फोन येतो. पूर्वी तो फोन आईकडे द्यायचा. आता पहिला तोच घेतो.