मिठाला जागणे

मिठाला जागणारी माणसे आपल्या गोष्टींत पुष्कळ भेटतात. पण मिठासाठी रात्री जागणारी बाई आमच्या घराण्यात मीच पहिली! २०११ च्या उन्हाळ्यात मध्यरात्री उठून, दिवा न लावता, मी लोणच्याच्या बरणीतला खार वाटीत घेऊन पीत असे. दिवसा शाळेत दुसऱ्या मजल्यावरचा वर्ग गाठताना जिन्यात दोनदा बसावे लागे. रंग तर असा काळवंडला की सासूबाई म्हणाल्या, “ऊन बाधलंय तुला. ताक पीत जा मीठ घालून.” मौज अशी की साऱ्या सल्ल्यांत तोच थोडाफार लागू पडला.

मग रक्त तपासले. थायरॉइड मंद निघाली. तिची गोळी सुरू झाली. घरच्यांना हायसे वाटले. आजाराला नाव मिळाले, की तो निम्मा बरा झाला असे आपण समजतो. पण दुसऱ्याच आठवड्यात मी उलट्यांनी आडवी झाले आणि रक्तदाब इतका खाली गेला की मला उचलून इस्पितळात न्यावे लागले. तिथे एका वयस्क डॉक्टरांनी नाडी सोडून माझा तळहात उघडला. रेषा शाईने गिरवल्यासारख्या काळ्या झाल्या होत्या. हिरड्यांवरही तसेच डाग. “या रेषा कुणी पाहिल्या नाहीत?” त्यांनी विचारले. हात दाखवायची मला हौस नव्हती. पण भविष्य खरे सांगणारा माणूस मला तेवढा एकच भेटला.

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. वजन उणेपुरे चार-पाच ग्रॅम. रक्तदाब, साखर, अंगातले मीठ यांचा हिशेब ठेवणारे हे दोन मुनीम. कुणी त्यांची विचारपूस करीत नाही, आणि माझे तर कधीचेच काम सोडून बसले होते! शरीराने स्वतःच त्यांच्यावर हल्ला केला होता, थायरॉइडवरही त्यानेच. थायरॉइडची गोळी शरीराची चूल भडकवते आणि कॉर्टिसॉल लवकर संपवते. रॉकेल तळाला गेलेल्या स्टोव्हला पंप मारावा, तसे ते झाले. म्हणून आधी कॉर्टिसॉल द्यायचे, मग थायरॉइडकडे वळायचे, हा क्रम.

लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी हा रोग १८५५ साली लिहून ठेवला. त्या काळी त्यावर उपाय नव्हता. पुढे अमेरिकेत एडवर्ड केंडॉल या रसायनशास्त्रज्ञाने १९१४ साली थायरॉक्सिन वेगळे काढले, आणि कॉर्टिसोनच्या शोधातल्या वाट्याबद्दल त्यालाच १९५० चे नोबेलही मिळाले. माझ्या डबीतल्या दोन्ही गोळ्यांच्या मागे एकाच माणसाचे हात आहेत, हे कळले तेव्हा मला कुठेतरी दूरचे नाते लागल्यासारखे वाटले.

आता माझा दिवस घड्याळावर चालतो. उठल्याबरोबर पाण्याशी थायरॉइडची गोळी. मग तासभर चहा नाही. हा तास फार लांब असतो! त्याच वेळी हायड्रोकॉर्टिसोन दहा मिलिग्रॅम, दुपारी पाच, संध्याकाळी पुन्हा पाच. शरीर ते पहाटे जास्त आणि रात्री कमी बनवते, त्याची ही नक्कल. संध्याकाळची गोळी लांबली की रात्रभर छताचे वासे मोजायचे. मीठ राखणारी आणखी एक इवलीशी गोळी आहेच.

“स्टिरॉइड” हा शब्द ऐकताच मात्र पाहुण्यांचे चेहरे पडतात. “सोडून द्या हो, हाडं ठिसूळ होतात.” होतात, पण गरजेपेक्षा जास्त घेतले तर. मला शरीराने जेवढे द्यायला हवे होते तेवढेच मी बाहेरून घेते. एकदम सोडले तर हाडे ठिसूळ व्हायलाही वेळ उरणार नाही, असे मी हसत सांगते. ऐकणारा हसत नाही.

ताप आला की मात्रा दुप्पट, आणि उलटीने गोळी पोटात टिकेना तर मांडीत शंभर मिलिग्रॅमचे इंजेक्शन, मग तडक इस्पितळ. हे इंजेक्शन द्यायला कोण शिकणार? माझे यजमान रक्त पाहून स्वतःच आडवे होतात. सूनबाई घरात आली ती बँकेतली नोकरदार मुलगी. तिने आठवडाभर मोसंब्यात पाण्याचे इंजेक्शन टोचून सराव केला. मोसंबी कुणी खाल्ली नाहीत.

२०२३ च्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री तो प्रसंग आला. बाहेर फटाके, आत मी मोरीशी बसलेली, तिसरी उलटी झाली, बोलणे अडखळू लागले. सूनबाईने पूजेची जरीची साडी तशीच खोचली, कुपीतल्या पावडरीत पाणी मिसळले आणि म्हणाली, “आई, पाय सैल सोडा.” तिचे ओठ थरथरत होते. सुई मात्र सरळ गेली. रिक्षात तिने माझी जुनी चिठ्ठी डॉक्टरांना दाखवायला पदरात घट्ट धरली होती.

भाऊबीजेला मी घरी आले. फराळाचे डबे निम्मे झाले होते. सोऱ्याशेजारच्या स्टीलच्या डब्यात इंजेक्शनची नवी कुपी आली होती, आणि झाकणावर तिने मुदतीची तारीख चिकटवली होती.