टॅफ्ट यांच्या शहरातून

सिनसिनॅटीत टॅफ्ट हे आडनाव टाळू म्हटलं तरी टळत नाही. या घराण्याच्या नावाचं कलासंग्रहालय आहे, नाट्यगृह आहे, शाळा आहे, आणि मी कामाला जाते तो रस्ताही विल्यम हॉवर्ड टॅफ्ट रोड. 1857 मध्ये इथल्या माउंट ऑबर्न भागात विल्यम टॅफ्ट यांचा जन्म झाला. राष्ट्राध्यक्ष आणि पुढे सरन्यायाधीश अशी दोन्ही पदं भूषवणारे ते आजवरचे एकमेव अमेरिकन. भारतातून पाहुणे आले की त्यांना मी टॅफ्ट यांचं ते घर आवर्जून दाखवते. पण मला लिहायचं आहे ते त्यांच्या मुलाबद्दल, सिनेटर रॉबर्ट टॅफ्ट यांच्याबद्दल. ते राष्ट्राध्यक्ष कधीच झाले नाहीत. 1952 मध्ये आयझेनहॉवर यांनी त्यांच्या हातून रिपब्लिकन उमेदवारी नेली आणि पुढच्याच वर्षी टॅफ्ट वारले. तरी त्यांच्या हयातीत सगळा देश त्यांना ‘मिस्टर रिपब्लिकन’ म्हणत असे.

आपल्या इथल्या मराठी घरांत कॉन्झर्व्हेटिव्ह म्हटलं की बंदुका, चर्च, गर्भपातविरोध, सीमेवरची भिंत आणि ट्रम्प एवढंच डोळ्यांपुढे येतं. काहींना ते आवडतं, काहींच्या अंगावर काटा येतो. टॅफ्ट यांचा कॉन्झर्व्हेटिव्हपणा मात्र एका वेगळ्याच प्रश्नावर उभा होता: हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? निर्णय चांगला की वाईट, हे त्यानंतर.

मे 1946 मध्ये रेल्वे कामगारांचा संप झाला आणि देश ठप्प झाला. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन काँग्रेससमोर उभे राहिले आणि संपकऱ्यांना थेट सैन्यात भरती करून घेण्याचा अधिकार त्यांनी मागितला. प्रतिनिधीगृहाने त्याच दिवशी 306 विरुद्ध 13 मतांनी तो देऊनही टाकला. सिनेटमध्ये आडवे आले ते टॅफ्ट. कामगार संघटनांशी त्यांचं मुळीच सख्य नव्हतं. दुसऱ्याच वर्षी संघटनांच्या अधिकारांना कात्री लावणारा टॅफ्ट-हार्टली कायदा त्यांनी ट्रुमन यांचा नकाराधिकार मोडून मंजूर करून घेतला. पण संप केला म्हणून माणसाला सक्तीने गणवेश चढवायचा, हे त्यांना मान्य नव्हतं. भरतीची ती तरतूद सिनेटने काढून टाकली. आपल्याला न आवडणाऱ्या लोकांच्या बाजूने, फक्त तत्त्वासाठी उभं राहणारा राजकारणी मला फार मोलाचा वाटतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओहायोतल्याच केन्यन कॉलेजात त्यांनी न्युरेंबर्ग खटल्यावर भाषण केलं. जेत्यांनी जितांवर चालवलेला खटला निःपक्षपाती असू शकत नाही, आणि गुन्हा घडून गेल्यावर केलेल्या कायद्याने फाशी देणं अमेरिकेच्या राज्यघटनेच्या वृत्तीत बसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. निवडणूक महिन्यावर आलेली. दोन्ही पक्षांतून टीकेची झोड उठली, त्यांच्याच पक्षाच्या नेत्यांनी अंग काढून घेतलं. माझ्या मते त्या बाबतीत टॅफ्ट चुकले. लाखो लोकांच्या थंड डोक्याने केलेल्या हत्येला आधी लिहिलेला कायदा पुरा पडला नसता. पण हे बोलण्यात त्यांचा लाभ काडीचा नव्हता आणि तरी ते बोलले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन केनेडी डेमोक्रॅट, पण धैर्यावरच्या आपल्या पुस्तकात त्यांनी या भाषणासाठी टॅफ्ट यांना जागा दिली. 1957 मध्ये केनेडी यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने सिनेटच्या इतिहासातले पाच श्रेष्ठ सदस्य निवडले, त्यातही टॅफ्ट होते.

1950 मध्ये ट्रुमन यांनी काँग्रेसला न विचारता कोरियात सैन्य धाडलं, तेव्हा कारवाई योग्य असेल पण परवानगी घ्यायला हवी होती, असं टॅफ्ट म्हणाले. 1952 मध्ये ट्रुमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले, तेव्हाही टॅफ्ट विरोधात होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी तो ताबा बेकायदा ठरवला. त्यांची प्रत्येक गोष्ट मात्र कौतुकाची नाही. 1942 मध्ये जपानी वंशाच्या लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून हुसकावण्याच्या आदेशामागे दंडाचं बळ उभं करणारा कायदा आला, तेव्हा त्याच्या ढिसाळपणावर त्यांनी सिनेटमध्ये नेमकं बोट ठेवलं, पण तो अडवला नाही. एक लाखाहून जास्त माणसं छावण्यांत गेली.

ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हे विचारण्याची टॅफ्ट यांची वृत्ती गावपातळीवर अजून धडधाकट आहे. ओहायोत टाउनशिपचा कारभार निवडून आलेले तीन ट्रस्टी आणि एक फिस्कल ऑफिसर बघतात. बैठक संध्याकाळी, टाउनशिपच्या हॉलमध्ये, सगळ्यांना खुली. एकदा जवळजवळ सगळी बैठक एका रुग्णवाहिकेवर गेली. जुनी किती मैल चालली, इंजिन बदललं तर आणखी किती वर्षं निघतील, नवी घेतली तर लेव्ही वाढवावी लागेल का. लेव्ही म्हणजे शाळेसाठी, अग्निशमन दलासाठी घरपट्टीत पडणारी वेगळी भर, आणि ती लावायची की नाही हे मतदान घेऊन ठरतं. घराच्या दर 1,00,000 डॉलर किमतीमागे वर्षाला किती डॉलर पडतील, हे मतपत्रिकेवरच छापलेलं असतं. माझे शेजारी जेट इंजिनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेत. अग्निशमनाच्या लेव्हीला ते नेहमी मत देतात. शाळेच्या मागच्या लेव्हीला त्यांनी विरोध केला, तोही शाळा मंडळाच्या बैठकीत छपराच्या कंत्राटाचे आकडे विचारून झाल्यावर. सरकारच नको असं ते कधी म्हणत नाहीत. सरकार असं हवं, ज्याला संध्याकाळी हॉलमध्ये गाठून जाब विचारता येतो. महाराष्ट्रात ग्रामसभेला कोरम जमत नाही हे लहानपणी पाहिलेल्या मला त्यांचा हेवा वाटतो.

हेच शेजारी ट्रम्प यांना तिन्ही वेळा मत देऊन आले आहेत, आणि इथेच माझं त्यांच्याशी जुळत नाही. 27 ऑगस्ट 2025 ला आमच्याकडे गणपती बसले. त्याच दिवशी भारतीय मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर गेलं. आरतीनंतर मंडळात दुसरा विषय नव्हता. कपड्यांचा आणि दागिन्यांचा व्यापार करणारे आमच्यातले लोक हवालदिल झाले होते. दुसऱ्या दिवशी मी शेजाऱ्यांना विचारलं की आयातशुल्काचा अधिकार घटनेने काँग्रेसला दिलाय, मग एक माणूस आणीबाणीचा कायदा पुढे करून ते कसं लावतो? त्यांचं उत्तर होतं, “काँग्रेस काहीच करत नाही. कोणीतरी करायला नको?” मी म्हटलं, संपाच्या वेळी ट्रुमन हेच म्हणत होते. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग ट्रुमन डेमोक्रॅट होते म्हणाले.

दुखणं तेच आहे. बायडन यांनी विद्यार्थ्यांची कर्जं माफ करायला घेतली, तेव्हा काँग्रेसला डावलता येणार नाही असं रिपब्लिकनांनी ठासून सांगितलं, आणि 2023 मध्ये न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. ते बरोबर होते. ओबामांनी 2011 मध्ये काँग्रेसच्या मंजुरीविना लिबियावर विमानं पाठवली, तेव्हाही आक्षेप रास्तच होता. आपल्या माणसाची पाळी आली की तोच आक्षेप घशात अडकतो. अपवाद आहेत. सिनसिनॅटीतून पूल ओलांडला की केंटकी लागतं. तिथले रिपब्लिकन प्रतिनिधी थॉमस मॅसी यांनी जून 2025 मध्ये अमेरिकेच्या इराणवरच्या हल्ल्याआधीच डेमोक्रॅट रो खन्ना यांच्या साथीने ठराव मांडला की काँग्रेसच्या मंजुरीशिवाय इराणविरुद्धच्या युद्धात उतरायचं नाही. त्यांच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना जाहीर फैलावर घेतलं. टॅफ्ट यांचा वारसा आज कुठे शोधायचा तर तिथे.

केंद्राचे अधिकार कमी असावेत या कॉन्झर्व्हेटिव्हांच्या दुसऱ्या तत्त्वाचा दक्षिणेत वर्णभेदाची ढाल म्हणून वापर झाला, हे विसरून चालणार नाही. बॅरी गोल्डवॉटर यांनी 1964 च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिलं ते घटनेचं नाव घेऊनच. पण सिनेटमधल्या 33 रिपब्लिकनांपैकी 27 जण त्या कायद्याच्या बाजूने होते, आणि प्रतिनिधीगृहात तो पार पाडण्यासाठी ज्यांनी जिवाचं रान केलं ते विल्यम मॅकलक हे ओहायोतल्याच पिक्वा गावचे, पक्के कॉन्झर्व्हेटिव्ह. त्यांच्या मतदारसंघात कृष्णवर्णीय मतदार मोजकेच होते, म्हणजे मतांचा हिशेब त्यात नव्हता.

माणसापेक्षा तत्त्व मोठं मानणं आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. जून 1975 मध्ये इंदिरा गांधींची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडणाऱ्या नानी पालखीवालांनी आणीबाणी लागताच ते वकीलपत्र परत केलं.

इथे नागरिक झालेल्या मराठी माणसांची संख्या वाढते आहे, आणि दोन्ही पक्षांचे उमेदवार आता आपल्या कार्यक्रमांना आवर्जून येतात. आपण त्यांना एच-वन-बी व्हिसाबद्दल विचारतो. नव्या अर्जावर 1,00,000 डॉलर शुल्क लावणारा आदेश सप्टेंबर 2025 मध्ये एका सहीने निघाला, त्यामुळे ते स्वाभाविकच आहे. पुढच्या वेळी आणखी एक प्रश्न विचारा: युद्ध, आयातशुल्क आणि परदेशी कामगारांवरचं शुल्क ठरवण्याचा काँग्रेसचा अधिकार तुम्ही राष्ट्राध्यक्षांकडून परत घ्याल का, आणि राष्ट्राध्यक्ष तुमच्याच पक्षाचे असतील तेव्हाही घ्याल का? ज्याला दुसऱ्या भागाचं उत्तर सरळ देता येत नाही, त्याला मत देऊ नका, मग तो कोणत्याही पक्षाचा असो.